आठ मशिनं, एक कात्री

९ नोव्हेंबर

आजचे शब्द: एकही नाही.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा घरी येतात. आज निघताना दारात म्हणाल्या, "मास्तर, रोज लिहून ठेवत जा. काय बोलल्या, कधी बोलल्या, कशावरून बोलल्या." म्हणून ही वही काढली. दुकानातली मापांची वही आहे. डावीकडे छाती, कंबर, बाही असं छापलेलं, उजवीकडे कोरी जागा. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, आता हिच्या शब्दांची घ्यायची.

ही म्हणजे माझी बायको. ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी हातातून चहाचा कप सुटला, आणि त्याच्याबरोबर बोलणंही. उजवा हात हळूहळू ताळ्यावर येतो आहे. धरून धरून चालते. समजतं सगळं. फक्त तोंड उघडलं की शब्दाच्या जागी नुसती हवा येते. बाई म्हणतात, पहिल्या सहा महिन्यांत जे परत यायचं ते भराभर येतं, पुढे थेंबाथेंबानं. सहा महिने म्हणजे फेब्रुवारीची अखेर.

आज बाईंनी हिला विचारलं, "काय घेणार, चहा की दूध?" मी म्हटलं, "चहा, साखर कमी." बाई म्हणाल्या, "मास्तर, मी त्यांना विचारलं होतं." म्हटलं, "अहो, पण मला माहीत आहे ना!" बाई हसल्या. का हसल्या कोण जाणे.

१४ नोव्हेंबर

लेक आली होती. तिचा जुना कॉम्प्युटर घेऊन आली आणि माझ्या कापायच्या टेबलावर मांडून गेली. त्यात विमान उडवायचा खेळ आहे. खेळ म्हणायचं, पण सगळं खऱ्यासारखं: उंचीचा काटा, दिशेचा काटा, हातात धरायची दांडी.

"बाबा, यात आईचा विमानतळ आहे," ती म्हणाली.

मला खरं वाटेना. तो विमानतळ बंद होऊन अकरा वर्षं झाली. आता तिथे गोदामं आहेत. पण खेळातले नकाशे जुने. लेकीनं बोटं चालवली आणि पडद्यावर उगवला की! एकच धावपट्टी, कडेला गवत, पलीकडे ती उंच पाण्याची टाकी, आणि तो बुटका मनोरा. वरच्या काचेच्या खोलीत एकोणतीस वर्षं हिचं राज्य होतं. आकाशातल्या माणसांना ही खाली उतरवून घ्यायची.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो काचांना उन्हाचे पडदे शिवायला. शिडीवर उभा, तोंडात टाचण्या. ही माईकचं बटण अंगठ्यानं दाबायची आणि म्हणायची, "बोला, ऐकतेय." तेवढंच. मी पडद्यांची मापं तीन वेळा चुकवली आणि तीन वेळा पुन्हा गेलो.

लग्नानंतर घरात मात्र अखंड बडबड. म्हणायची, "तिकडे वरून कुणी हाक मारल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही असा नियम. दिवसभराचं साचलेलं कुठे सांडू? तुमच्यावरच सांडणार!" सांड गं बाई आता, खुशाल सांड.

१६ नोव्हेंबर

शब्द नाहीत. पण काहीतरी आहे.

दुपारी हिची खुर्ची टेबलाजवळ आणली. खिडकीतून ऊन येत होतं, दुकान मिटल्यावर घरी आणलेल्या, झाकलेल्या शिलाई मशिनांची सावली लांबवर पडली होती. मी विमान सुरू केलं. खेळात आजूबाजूला इतर विमानंही फिरत असतात. त्यातले वैमानिक मनोऱ्याला हाका मारतात, आणि यंत्राची कुणी बाई त्यांना उत्तरं देते. पहिली हाक आली आणि हिनं मान वर केली. इतके दिवस ती मान उशीवरून पडलेल्या रुमालासारखी असायची.

मी ढगांतून गेलो. म्हणजे आपटत-धडपडतच गेलो, पण वर गेल्यावर असं पांढरंशुभ्र, मऊ. पिंजलेल्या कापसाच्या गठ्ठ्यांवरून कुणी आपल्याला हलकेच ओढत नेतंय. आम्ही दोघं कधी विमानात बसलो नाही. हिनं हजारो उतरवली, बसली एकातही नाही.

मग धावपट्टी जवळ आली आणि घोटाळा झाला. चित्र अडखळायला लागलं. पुढे, थांब, पुढे, थांब. आवाजही तुटला. हिचा चेहरा कसनुसा झाला.

आणखी एक. त्या हाका येतात तेव्हा हिचा डावा अंगठा खुर्चीच्या हातावर जोरात दाबला जातो. पेटके येत असावेत. उद्या तिथे कापसाची गादी शिवून लावतो.

२९ नोव्हेंबर

शब्द नाहीत. विमान रोज उडतं आणि रोज जमिनीजवळ अडखळतं. वर मोकळ्या आकाशात गुळगुळीत; खाली घरं, झाडं, रस्ते आले की टाके सुटतात. मशिनची सुई धागा न पकडताच पुढे जाते ना, तसंच. चित्राचे टाके.

नेमकं उतरायच्या वेळी हे होतं, आणि नेमकी तेव्हाच ही डोळे मिटते. माझी खात्री झाली आहे: एकदा हिच्या मनोऱ्याजवळ न अडखळता उतरलो, की हिच्या तोंडून शब्द येईल. आपोआप येईल. एवढ्या वर्षांची सवय अशी जाते कुठे?

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, ही तुमची समजूत आहे." म्हटलं, "असू दे. समजुतीला वीज किती लागते?"

७ डिसेंबर

कॉम्प्युटरचा डबा घेऊन चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान एका बाईचं आहे. तिच्या अंबाड्यात कायम एक स्क्रूड्रायव्हर खोचलेला, म्हणून आमच्या घरी तिचं नाव अंबाडाबाई. तिनं डबा उघडून पाहिला. म्हणाली, "काका, प्रोसेसर चार कोअरचा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आत चार कारागीर. एका वेळी चार कामं."

"मग जास्त कारागीर घाला की! सोळा मिळतात का?"

"मिळतात. पण खेळासाठी..."

"सोळाच घाला," मी म्हटलं. माझ्या दुकानात ऐन हंगामात आठ मशिनं चालायची. कामाचा ढीग उपसायचा तर हात वाढवायचे, हे मला कुणी शिकवायला नको. ती काहीतरी सांगत होती, पण मी निघालो. हिच्या औषधाची वेळ झाली होती. हिची औषधं मीच देतो, व्यायाम मीच घेतो, केस मीच विंचरतो. लेक म्हणते मदतीला कुणी ठेवा. कशाला? मी आहे की.

१५ डिसेंबर

सोळा कारागीर आले. मूळच्या डब्यात ते मावेनात म्हणून बरंच काही बदलावं लागलं. दुपारी मोठ्या हौसेनं उडालो.

अडखळतं! पहिल्यापेक्षा जास्तच! मी हात टेकले.

ही माझ्याकडे पाहत होती. खूप दिवसांनी तिच्या डोळ्यांत ते जुनं हसू पाहिलं, पडदा तिसऱ्यांदा आखूड निघाला तेव्हाचं.

१७ डिसेंबर

अंबाडाबाई घरी येऊन बघून गेली. तिनं पडद्याच्या कोपऱ्यात सोळा छोटे आलेख उघडले, एकेका कारागिराचा एकेक. "आता उडवा." मी उडवलं. पाहतो तर काय, एकाचा आलेख छताला टेकलेला आणि बाकीचे पंधरा जमिनीवर लोळताहेत. एखादा मधेच उठतो, दोन हात मारतो, पुन्हा आडवा.

"हे काय? कामचुकार आहेत का?"

"नाही हो काका. या खेळाचं मुख्य काम एकाच धाग्यावर चालतं. विमान कुठे आहे, वारा कसा आहे, कोण कुठे उडतंय, सगळं आधी त्या एकानं ठरवायचं. त्याचं होईपर्यंत बाकीच्यांना हातात काही येतच नाही. आणि तुमच्या हट्टापायी घातलेले हे सोळाजण संख्येनं भरपूर, पण एकेकटे मंद आहेत. मी सांगत होते तेव्हा तुम्ही पळालात."

ती गेल्यावर कापायच्या टेबलाजवळ उभा राहिलो आणि एकदम उजेड पडला. हे तर माझंच दुकान! आठ मशिनं होती, पण कात्री एकच, माझी. कापून मी दिल्याशिवाय कुणी काय शिवणार? कारागीर बसून राहायचे, गप्पा मारायचे, आणि मी घामाघूम. ही म्हणायची, "अहो, दुसऱ्या कुणाला कापायला शिकवा." मी म्हणायचो, "कापड बिघडलं तर?" शेवटपर्यंत नाही शिकवलं.

मजा वाटली. प्रोसेसरच्या एवढ्याशा चकतीत कुणीतरी माझं दुकान कोरून ठेवलंय.

३ जानेवारी

अंबाडाबाईनं सोळा परत घेतले आणि आठ घातले. आठच, पण एकेक चपळ. "आता तुमचा कात्रीवाला वाघ आहे," म्हणाली. माझा दृष्टान्त तिला फार आवडला. म्हणे आता गिऱ्हाइकांना हाच सांगते.

चांगलाच फरक पडला. पण धावपट्टीशी अजून दोन-चार टाके सुटतातच. ती म्हणाली, "कात्रीवाल्याच्या डोक्यावरचा भार कमी करा. नको ते बंद करा. ती आजूबाजूची विमानं, त्यांचे आवाज, सगळं त्याच्याच गळ्यात असतं. तुम्हाला काय करायचीत?"

मला काय करायचीत! एक खटका होता, बंद केला.

४ जानेवारी

उतरलो! एकही टाका न सुटता. लोण्यातून सुरी फिरावी तसा खाली आलो. संध्याकाळचा उजेड लावला होता, गवताचं सोनं झालेलं, टाकीची सावली धावपट्टीवर आडवी पडलेली. चाकं टेकली. सगळीकडे शांत, नुसता वारा. स्वप्नात चालताना पावलांचा आवाज येत नाही, तसं.

हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

थकली असेल.

११ जानेवारी

शब्द नाहीत.

सात दिवस रोज उतरलो. रोज लोण्यासारखा. मनोऱ्याच्या इतक्या जवळून जातो की काचेमागे कुणी बसलं असतं तर दिसलं असतं. ही पडद्याकडे बघतच नाही.

एक बरं झालं, ते अंगठ्याचं दाबणं पूर्ण थांबलं. पेटके गेले. गादीचा उपयोग झाला म्हणायचा.

२५ जानेवारी

बाईंनी आज हिच्यासमोर चित्रं धरली: छत्री, किल्ली, पक्षी. ही गप्प. बाई थांबल्या. मला राहवेना, मी म्हटलं, "पक्षी." बाईंनी चित्र खाली ठेवलं. "मास्तर, तुमची परीक्षा नाहीये ही."

"अहो, तिला त्रास होतो बघवत नाही."

"कळतं मला. पण शब्दाला बाहेर यायला वाट लागते, आणि वाटेत तुम्ही उभे आहात."

राग आला. मग गेला. दारात हळूच विचारलं, "फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत काही होईल?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. नोव्हेंबरात त्या जास्त जाग्या होत्या. तेव्हा काय वेगळं होतं?"

रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला. नोव्हेंबरात वेगळं काय होतं? थंडी कमी होती. खुर्ची तीच. औषधं तीच. विमान तर तेव्हा फारच वाईट उडत होतं.

८ फेब्रुवारी

शब्द नाहीत. उडालो नाही. पडद्यावर झाकण घातलं, मशिनांवर घालतो तसं. नऊ झाकणं झाली.

लेक फोनवर म्हणाली, "मी येऊन राहते थोडे दिवस." नेहमीप्रमाणे नको म्हणणार होतो. का कोण जाणे, म्हटलं नाही. ती पलीकडून म्हणाली, "बाबा? ऐकताय ना?"

१९ फेब्रुवारी

आज नीट लिहायचं आहे.

सकाळी बाहेर दाट धुकं होतं. समोरचं फाटकही दिसेना. ही उठून खुर्चीत बसली होती, खिडकीकडे तोंड करून. लेक अंघोळीला गेली होती. करण्यासारखं काही सुचेना म्हणून पडद्याचं झाकण काढलं आणि उडालो.

खेळात एक सोय आहे: बाहेर जशी हवा, तशीच आत. ती सुरू होती हे माझ्या लक्षात नव्हतं. वर गेलो आणि सगळं पांढरं. मागे पांढरं, पुढे पांढरं, खाली पांढरं. आधी छान वाटलं. दुधाच्या पातेल्यात तरंगतोय जसं. मग वळलो, आणखी वळलो, आणि कुठे तोंड आहे तेच कळेना. काटे फिरताहेत, उंची उतरतेय. धुक्याचं काम त्या बिचाऱ्या कात्रीवाल्याला झेपेना की काय, चित्र पुन्हा अडखळायला लागलं.

खेळच तो, बंद करता आला असता. पण ते सुचलंच नाही. पाच महिने सगळं छातीशी धरून होतो, औषधं, व्यायाम, ही वही, आणि त्या क्षणी सगळंच हातातून निसटतंय असं झालं. दांडी घट्ट धरली आणि तोंडातून निघून गेलं:

"अगं, मला काहीच दिसत नाहीये. मी कुठे आहे? मला खाली घे गं."

काही क्षण नुसता इंजिनाचा आवाज.

मग मागून लाकडाचा आवाज आला. कर्र. अंगठा.

"बोला."

मी मागे वळलो नाही. वळलो तर मोडेल असं वाटलं.

"ऐकतेय," ती म्हणाली. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा, पण तिचाच. पडद्यांच्या शिडीवरून ऐकलेला.

"दिसत नाहीये," मी पुन्हा म्हटलं.

"उंची?"

मी काटा वाचून सांगितला.

"दिशा?"

तीही सांगितली. बराच वेळ गेला. शब्द शोधत होती. माझ्या जिभेवर दहा शब्द आले, सगळे गिळले.

"डावीकडे," ती म्हणाली. "अजून. अजून... बस."

"बस," मी म्हटलं.

"टाकी?"

"नाही दिसत."

"येईल."

चित्र अडखळलं, थांबलं. मी कळवळलो. "हे बघ, पुन्हा थांबलं मेलं!"

"घाई नाही," ती म्हणाली.

आणि खरंच, पांढऱ्यातून काहीतरी करडं वर आलं. टाकी! जगात आता नाही ती टाकी. "दिसली! दिसली!"

"उजवीकडे... ठेवा."

उजवीकडे ठेवली. धुकं फाटलं आणि खाली धावपट्टीचा तुकडा, पुरेसा. अर्धा गवतात, अर्धा पट्टीवर, टाके सुटत सुटत, आजवरचं सगळ्यात वाईट उतरणं उतरलो. विमान थांबलं. मी रडत होतो. लेक ओल्या केसांनी दारात उभी, तोंडावर हात धरून.

मी वळून पाहिलं तर ही हसत नव्हती. कपाळाला आठी. अंगठा अजून तसाच दाबलेला, कापसाच्या गादीत रुतलेला. माझ्याकडे बघत होती, वाट बघत, जराशी चिडून.

मला कळेना. मग कळलं.

"उतरलो," मी म्हटलं. "सुखरूप उतरलो."

तेव्हा तिनं अंगठा उचलला.

आजचे शब्द: बोला, ऐकतेय, उंची, दिशा, डावीकडे, अजून, बस, टाकी, येईल, घाई नाही, उजवीकडे, ठेवा.

२० फेब्रुवारी

झोप लागली नाही. नोव्हेंबरातली पानं पुन्हा वाचली. अंगठा. हाका. मी माझ्याच हातानं लिहिलंय, हाक मारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. लिहून ठेवलं आणि पुढच्या पानावर गेलो. आणि जानेवारीत खटका बंद केला. महिनाभर तिच्या मनोऱ्याशी रोज न विचारता येऊन टेकत होतो, आणि वर तिच्याकडूनच शब्दाची वाट बघत होतो.

खुर्चीची गादी उसवून काढली.

खटका पुन्हा सुरू केला. अडखळतंय. अडखळू दे.

४ मार्च

अंबाडाबाई म्हणाली, खेळाची नवी आवृत्ती आली आहे, त्यात कामं वाटून दिली आहेत. बाकीच्या कारागिरांनाही आता हातात काहीतरी मिळतं. घातली. आलेख बघायला गंमत येते, आठही जण वरखाली होताहेत. घरातही वाटणी झाली आहे. औषधं लेकीकडे. केस ही स्वतःच विंचरते, डाव्या हातानं, वाकडा भांग. मी काही बोलत नाही.

बाई सांगतात, असंच होतं: जिथे शब्द रुळलेले असतात, त्या वाटेनं ते आधी येतात. पुढच्या वाटा लांब आहेत. "पक्षी" अजून आलेला नाही. काल ही मला "अहो" म्हणाली, नंतर काय म्हणायचं होतं ते विसरली, आणि स्वतःच हसत सुटली.

९ मार्च

सकाळी चहा घेऊन निघालो की आता खोलीच्या दाराशी थांबतो आणि हाक मारतो, "चहा घेऊन येतोय. उतरायला जागा आहे का?" मग वाट बघतो. कधी उत्तर येतं, कधी नुसता अंगठ्याचा कर्र आवाज.

आज बराच वेळ काहीच आलं नाही. चहावर साय धरली. लेकीनं मागून खुणावलं, जा ना आत. मी मान हलवली.

मग आतून स्वच्छ, कडक आवाज आला:

"थांबा."

थांबलो आहे. कप उंबऱ्यावर ठेवून उभ्या उभ्याच हे लिहितोय.